मायामी ते मायामी: सात रात्रींची पश्चिम कॅरिबियन क्रूझ, दिवसागणिक

मायामीहून शनिवारी निघायचं, होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोची कोस्टा माया आणि कोझुमेल, मग बहामातलं कोकोके असं करत पुढच्या शनिवारी सकाळी पुन्हा मायामी. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांची ही नेहमीची वाट. कार्निव्हल, नॉर्वेजियन, एमएससी यांच्या फेऱ्याही बंदरांच्या थोड्याफार फरकाने अशाच असतात. भारतातून आईबाबा आले की अमेरिकेतली मराठी कुटुंबं ही सहल हमखास काढतात. सामान एकदाच उघडायचं, गाडी चालवायची नाही, स्वयंपाकाची कटकट नाही. तिकिटाची किंमत आणि शेवटच्या दिवशी हातात पडणारं बिल यांत मात्र मोठी तफावत पडते आणि तिची सुरुवात घरी बसल्या बसल्याच होते. म्हणून आधी निघण्यापूर्वीचं.

निघण्याआधी

पहिली गोष्ट कागदपत्रं. जहाज मायामीला परत लागतं तेव्हा तुमचा अमेरिकेत नव्याने प्रवेश होतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आईबाबांचा बी-१/बी-२ व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आणि परतीच्या तारखेला चालू असलेला हवा. एच-१बी वाल्यांनी जास्त सांभाळायचं. पासपोर्टातला व्हिसाचा स्टँप संपलेला असेल तर कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांच्या आत परतण्याची सवलत मिळते, पण ती त्या दोन देशांपुरतीच. वाटेत होंडुरास किंवा बहामा आलं की संपलेल्या स्टँपवर ही फेरी करायची नाही. आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस) दाखवून काम भागेल असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही न्यावेत. अमेरिकी नागरिकांना निघालं तिथेच परत येणाऱ्या फेरीवर जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्रावर चढता येतं, तरी पासपोर्ट न्यावाच. रोआतानला जहाज चुकलं तर विमानात जन्मदाखला चालत नाही. भारतीय पासपोर्टावर प्रत्येक बंदराच्या व्हिसाचा नियम वेगळा असतो आणि तो बदलतोही, त्यामुळे कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

आरक्षणातलं नाव पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही लागलेलं असतं. ते गाळून आरक्षण केलं की टर्मिनलवर अडकायला होतं.

दुसरी गोष्ट विमा. भेटीला आलेल्या पालकांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा अमेरिकेबाहेर आणि जहाजावर चालतो का, ते पॉलिसीत शोधा. जहाजावरचा दवाखाना उपचार करतो आणि रक्कम तुमच्या खोलीच्या खात्यावर टाकतो. विम्याकडून ती मिळवणं तुमचं काम. रुग्णाला बोटीवरून उचलून नेण्याचा खर्च, म्हणजे मेडिकल इव्हॅक्युएशन, पॉलिसीत नसेल तर ती पॉलिसी या सहलीच्या कामाची नाही. सहलीच्या शेवटापर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल तर गरोदर बाईला चढू देत नाहीत. बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं.

केबिनबद्दल स्पष्ट मत: या वाटेवर तरुण जोडप्याला आतली, बिनखिडकीची केबिन पुरते. चार दिवस तुम्ही बंदरावरच असता, त्यामुळे बाल्कनीचे पैसे स्नॉर्केलिंगला वापरलेले बरे. बरोबर वयस्क मंडळी असतील तर मात्र बाल्कनी घ्या, कारण त्यांचा अर्धा वेळ तिथेच जातो. मजला निवडताना वर-खाली काय आहे ते नकाशात पाहा. स्विमिंग पूलच्या खालच्या केबिनमध्ये पहाटेच खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये रात्री उशिरापर्यंत ढोल. मध्ये दार असलेल्या जोड-केबिनमधून शेजाऱ्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त असते, पण ती कंपनी देईल ती. ज्यांना बोट लागते त्यांनी ती घेऊ नये. त्यांनी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन मुद्दाम निवडावी, कारण जहाज टोकांना आणि वर जास्त डोलतं.

भाडं दोघांनी मिळून राहण्याच्या हिशेबाने माणशी सांगतात. एकटा माणूस बहुतेक वेळा दोघांचं भाडं भरतो. बंदरांचे कर वेगळे. टीप वेगळी: रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनला माणशी रोज साडेअठरा डॉलरच्या आसपास, म्हणजे जोडप्याला सात रात्रींचे सुमारे २५९ डॉलर. ती आधीच भरून टाकली की शेवटी धक्का बसत नाही. पूर्ण पैसे भरण्याची मुदत साधारण ९० दिवस आधीची असते. तोपर्यंत भाव उतरला तर फोन करून कमी भावाने पुन्हा आरक्षण करून मिळतं, म्हणून आठवड्यातून एकदा भाव बघत राहा.

ड्रिंक पॅकेजचं गणित कागदावर मांडा. समजा भाव दिवसाला ७० डॉलर आहे. त्यावर १८ टक्के टीप धरून ८२ डॉलर ६० सेंट. एक कॉकटेल १४ डॉलरचं धरलं तर टिपेसकट साडेसोळाला पडतं. म्हणजे रोज पाच पेले झाले तर कुठे पैसे वसूल, आणि तेही बंदराच्या दिवशी, जेव्हा तुम्ही दिवसभर जहाजाबाहेर असता. शिवाय एकाच केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. न पिणाऱ्या आईबरोबर केबिन वाटून घेणाऱ्या बाबांना हे महागात जातं. पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबत फुकटच असतं. पॅकेज घ्यायचंच असेल तर आधी वेबसाइटवरून घ्या, बोटीवर पाय ठेवला की भाव चढतो. वायफायचंही तेच.

बॅगेत काय न्यायचं नाही याची यादी मराठी घरांसाठी महत्त्वाची आहे. इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, छोटा राइस कुकर, मेणबत्ती, उदबत्ती, एक्स्टेन्शन कॉर्ड: सगळं स्कॅनरवर पकडलं जातं. कारण सरळ आहे. भर समुद्रात आग लागली तर उतरून जायला जागा नाही. बॅग केबिनपर्यंत येत नाही, ती सोडवायला सुरक्षा कक्षात रांग लावावी लागते. घरी केलेले पदार्थ चढवू देत नाहीत. दुकानातले सीलबंद चिवडा, चकली, लाडू चालतात. चहाबाजांनी मसाल्याची पुडी घ्यावी, गरम पाणी आणि दूध बफेवर मिळतं. चार-सहा चुंबकी हुक जरूर न्या. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यावर ओले कपडे, टोप्या, पिशव्या लटकवता येतात आणि तेवढ्याशा खोलीत चालायला वाट उरते.

दिवस पहिला: मायामी

जहाज शनिवारी सुटतं, विमान मात्र शुक्रवारचं धरा. भारतातून थेट येणाऱ्यांनी दोन दिवस आधीचं. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. मायामी विमानतळावरून बंदर साधारण १३ किलोमीटर. फोर्ट लॉडरडेलला उतरलात तर पन्नासेक किलोमीटर, आणि शनिवारी सकाळी त्या रस्त्यावर गर्दी असते.

ऑनलाइन चेक-इन साधारण ४५ दिवस आधी उघडतं. उघडल्या दिवशीच करून टाका, म्हणजे टर्मिनलची लवकरची वेळ मिळते. साडेअकरा-बाराच्या वेळेला पोहोचणारे तासाभरात आत असतात. दोनला येणाऱ्यांना आत शिरल्यावर सगळीकडे रांगच दिसते. मोठ्या बॅगा दारात हमालाकडे द्यायच्या (केबिन नंबरची पट्टी नीट स्टेपल केलेली हवी), त्या केबिनपाशी संध्याकाळी, कधी जेवणानंतर पोहोचतात. त्यामुळे पासपोर्ट, रोजची औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि मुलांचे एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकणं ही सगळ्यात महागडी चूक.

केबिन दुपारी एकच्या सुमारास मिळते. तोवर सगळी दुनिया वरच्या मजल्यावरच्या बफेवर तुटून पडते. तिकडे जाऊ नका. खालच्या मजल्यांवरचे छोटे कॅफे त्या वेळी मोकळे असतात आणि तेही तिकिटातच येतात.

मग सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्या वेळी नव्याने चढलेल्या काही प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलले आणि आता जहाज सुटण्याआधी ती पूर्ण करावीच लागते. आजकाल कंपनीच्या ॲपवर व्हिडिओ पाहायचा आणि आपल्या कार्डावर छापलेल्या स्टेशनवर जाऊन हजेरी लावायची, की झालं. चढल्या चढल्या उरकून टाका. शेवटच्या अर्ध्या तासात लिफ्ट मिळत नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण एवढं तरी घरच्या सगळ्यांना पाठ असावं.

फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि ते फोनने पकडलं की रोमिंगचं बिल शेकड्यात जातं.

संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये पहिलं जेवण. शाकाहारींनी याच जेवणात हेड वेटरला गाठायचं. मेनूवर रोज एखादी भारतीय शाकाहारी डिश असतेच, पण सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात, पोळीसारखं काही वेगळं करून देतात. आदल्या रात्री सांगावं लागतं, ऐनवेळी नाही. जैन जेवण हवं असेल तर आरक्षण करतानाच नोंद करा. जहाजांवर गोव्याचे आणि मुंबईकडचे कर्मचारी पुष्कळ असतात. गोव्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी ‘शिपी’ असतोच. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो. मराठीत किंवा कोकणीत दोन शब्द बोललात तर आतल्या भांडारात लोणचं आहे का, हेही कळतं.

दिवस दुसरा: समुद्रात

बोट लागणाऱ्यांची खरी परीक्षा आज. क्युबाला वळसा घालून जहाज दक्षिणेकडे निघतं. जहाजाच्या पोटाशी पंखांसारखी स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डावी-उजवी झोकांडी कमी होते, पण पुढे-मागे होणारं डोलणं राहतंच. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या तासभर आधी घ्यायची असते. भारतातून येणारे अ‍ॅव्होमिन आणतात, अमेरिकेत दुकानात मेक्लिझिन मिळतं. दोन्हींनी झोप येते, म्हणून वयस्कांनी आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावं. पोट रिकामं ठेवू नये. हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं, आलं, आणि क्षितिजाकडे नजर.

हात साबणाने धुवायचे. बफेच्या दारात सॅनिटायझरची बाटली घेऊन उभ्या असलेल्या मुलाला हसून दाद द्या, पण जहाजावरच्या जुलाब-उलट्यांना बहुतेक वेळा कारण असलेल्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसं चालत नाही. वीस सेकंद साबण, पाणी, आणि मग जेवण. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था शंभरपैकी गुण देऊन स्वच्छतेची तपासणी करते. ८५ किंवा कमी म्हणजे नापास. आपल्या जहाजाचे गुण आरक्षणाआधी पाहता येतात.

पूलजवळच्या खुर्च्यांवर सकाळी सातलाच टॉवेल पसरलेले दिसतील, माणूस एकही नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचाच हा प्रकार. अर्धा-पाऊण तास कोणी आलं नाही तर कर्मचाऱ्याला सांगा, तो टॉवेल उचलतो. स्वतः उचलून भांडण ओढवून घेऊ नका.

आज बहुधा पहिली ‘फॉर्मल नाइट’. सूट लागत नाही. पैठणी, सलवार-कमीज, कुर्ता-जाकीट सगळं चालतं आणि फोटोवाले तुमच्याच मागे लागतात. फोटो काढून घ्या, विकत घ्यायचा की नाही ते नंतर ठरवा. मोठे शो ॲपवर आधी आरक्षित करावे लागतात. जागा भरल्या असं दिसलं तरी सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी रिकाम्या खुर्च्यांवर रांगेतल्यांना सोडतात.

दिवस तिसरा: रोआतान

आजपासून घड्याळाचा खेळ. होंडुरास वर्षभर मायामीच्या हिवाळी वेळेपेक्षा एक तास मागे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं पुढे गेली की फरक दोन तासांचा. मेक्सिकोचा हा किनारा २०१५ पासून वर्षभर एकाच वेळेवर आहे, म्हणजे हिवाळ्यात मायामीबरोबर आणि उन्हाळ्यात एक तास मागे. किनाऱ्यावर नेटवर्क मिळालं की फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि तिथेच माणसं फसतात. परतायचं ते जहाजाच्या वेळेनुसार. जहाज बहुतेकदा मायामीचीच वेळ धरतं, कधी कप्तान घड्याळ मागे घ्यायला सांगतो. उतरताना दारातल्या फलकाचा फोटो काढा. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

फलकावरची ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते. जहाज कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत तुम्हाला पोहोचवणं कंपनी अंगावर घेते. बाहेरची टॅक्सी-सहल निम्म्या पैशात होते, पण उशीर झाला तर तो तुमचा. साधा नियम: अर्ध्या तासाच्या अंतरात फिरायचं असेल तर खुशाल बाहेरचं घ्या, त्याहून लांब जायचं असेल तर कंपनीचं.

रोआतान अर्ध्या तासाच्या नियमात बसतं. कॉक्सन होलच्या धक्क्यावरून वेस्ट बे किनारा टॅक्सीने वीस-तीस मिनिटांवर. फाटकाच्या आत टॅक्सी महाग, बाहेर थोडं चाललं की स्वस्त. भाव माणशी की गाडीचा, एकतर्फी की येऊन-जाऊन, हे बसण्याआधी बोलून घ्या आणि पैसे परत आणून सोडल्यावर द्या. चलन लेंपिरा, पण डॉलर सर्रास चालतात. नोटा सुट्या आणि धडक्या हव्यात, फाटकी नोट कोणी घेत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफनंतर जगातली सगळ्यात लांब प्रवाळभिंत, मेसोअमेरिकन रीफ, इथे किनाऱ्याला अगदी लागून आहे. वेस्ट बेच्या दक्षिण टोकाला खडकांजवळ उतरलं की पोहत थोडं पुढे जाताच पोपट मासे दिसायला लागतात. बोटीची गरज नाही. पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून तरंगता येतं. फक्त पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही: ते मरतं आणि तळव्याला झालेली जखम लवकर भरत नाही.

इथला उपद्रव म्हणजे वाळूतली चिलटं. दिसत नाहीत, चावली की खाज दोन दिवस टिकते. साध्या डासांच्या मलमापेक्षा अंगाला खोबरेल किंवा बेबी ऑइलचा जाड थर जास्त उपयोगी पडतो, कारण ती तेलात अडकतात. वारा पडला आणि ऊन उतरलं की त्यांचा जोर वाढतो.

बेटाच्या पूर्वेकडचं पुंता गोर्दा हे गारिफुना लोकांचं गाव. इंग्रजांनी सेंट व्हिन्सेंटवरून हद्दपार केलेले हे लोक १७९७ च्या एप्रिलमध्ये इथे उतरवले गेले. समुद्राचा कंटाळा असलेल्यांनी तिकडची सहल घ्यावी. अंतर जास्त आहे, तेव्हा जहाजाचीच.

दिवस चौथा: कोस्टा माया

हे गाव नव्हे, क्रूझसाठी बांधलेलं बंदर. २००१ मध्ये सुरू झालं, २००७ च्या ऑगस्टमध्ये डीन चक्रीवादळाने मोडलं, पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं. धक्क्याच्या टोकाला पूल, दुकानं, दागिने, आणि दर दहा पावलांवर चव घ्यायला बोलावणारे तकिलावाले. खरं गाव माहाउआल जवळच आहे, टॅक्सीने काही मिनिटांचं. समुद्रकाठच्या पायवाटेवर ताजे मासे धक्क्यापेक्षा स्वस्त मिळतात.

मार्च ते ऑक्टोबरमध्ये किनारा ठरवण्याआधी त्या आठवड्याचे फोटो पाहा. व्यापारी वारे अटलांटिकमधलं सार्गासम शेवाळ ढकलत आणतात आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या या किनाऱ्यावर ते तपकिरी थरांनी साचतं. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. ‘बीच डे’चे आगाऊ भरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

म्हणून इथे समुद्र सोडून चाक्चोबेनच्या प्राचीन माया संस्कृतीच्या अवशेषांकडे जाणं शहाणपणाचं. बसने तासाभराच्या आत, झाडीत दडलेले पिरॅमिड, आणि प्रसिद्ध ठिकाणांच्या मानाने गर्दी कमी. मोठ्या पिरॅमिडवर चढू देत नाहीत. पायाखाली मुळं आणि असमान दगड आहेत, गुडघेदुखीवाल्या आजी-आजोबांना बूट आणि काठी लागेल. डासांचं मलम, टोपी, पाणी. सीलबंद पाणी जहाजावरून नेता येतं. फळं, सँडविच मात्र उतरवायला बंदी आहे.

दिवस पाचवा: कोझुमेल

तुलुमच्या माया अवशेषांचे फोटो पाहून अनेक जण आज तिकडची सहल घेतात. हिशेब बघा: फेरीबोटीने मुख्य भूमीवर ४५ मिनिटं, पुढे बसने तासभर, आणि तेवढंच परत. आठ तासांच्या थांब्यात प्रत्यक्ष अवशेष पाहायला दोन तासही धड मिळत नाहीत, वर फेरीत बोट लागते ती वेगळी. काल चाक्चोबेन पाहिलं असेल तर तुलुम सोडून द्या. माया इतिहास हवाच असेल तर बेटावरच सान हेर्वासिओ आहे. इश्चेल देवीच्या दर्शनाला माया स्त्रिया होड्यांनी समुद्र ओलांडून यायच्या, ते हे ठिकाण.

कोझुमेलची खरी कमाई पाण्याखाली आहे. बेटाची पश्चिम बाजू आडोशाची, म्हणून पाणी शांत आणि काल पाहिलेलं शेवाळ इथे फार कमी. पालांकार आणि कोलंबिया हे प्रवाळ बोटीनेच गाठायचे. एल सिएलोजवळ कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर तारामासे दिसतात. ते फोटोसाठी पाण्याबाहेर उचलू नयेत, गुदमरतात. सनस्क्रीनवर इथे बोटवाले हटकतात, ‘रीफ सेफ’ (प्रवाळाला अपाय न करणारं) असलं तरी पाण्यात शिरायच्या अर्धा तास आधी लावा किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. तो जास्त चांगला.

धक्के तीन आहेत. पुंता लांगोस्ता सान मिगेल गावातच. बाकीचे दोन दक्षिणेला, टॅक्सीच्या अंतरावर. परतताना ड्रायव्हरला धक्क्याचं नाव सांगा, नुसतं ‘क्रूझ शिप’ म्हटलं की चुकीच्या जहाजासमोर उतरायची वेळ येते. स्कूटर भाड्याने घेऊ नये: पडलात तर विमा बहुधा हात वर करतो. धक्क्याजवळच्या औषधांच्या दुकानांतून स्वस्त अँटिबायोटिक आणि वेदनाशामकं घेऊ नका. अशा दुकानांत बनावट आणि घातक भेसळीच्या गोळ्या सापडल्याचे इशारे अमेरिकी सरकारने दिलेले आहेत. मेक्सिकोने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर माणशी पाच डॉलरचा कर बसवला, तो भाड्यातल्या करांतच धरला जातो. धक्क्यावर कोणी वेगळा मागितला तर देऊ नका.

दिवस सहावा: समुद्रात

दुसरी फॉर्मल नाइट, उरलेल्या वस्तूंचा सेल, आणि पुढची क्रूझ विकणारं टेबल. तिथे मिळणारं ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ (जहाजावर खर्चायची रक्कम) खरं असतं, पण अनामत परत मिळते की नाही ते छोट्या अक्षरात वाचा. स्पा आजच्यापेक्षा बंदराच्या दिवशी स्वस्त. खात्याचं बिल आजच ॲपवर ओळ न् ओळ पाहून घ्या, कारण आज पाहुणे-सेवा काउंटरवर रांग छोटी असते.

दिवस सातवा: कोकोके

लिटल स्टिरप के हे बहामाच्या बेरी बेटांतलं छोटं बेट, २०१९ मध्ये कंपनीने मनोरंजन पार्कसारखं नव्याने उभारलं. किनारा, मोठा तलाव, खुर्च्या, छत्र्या आणि बहुतेक जेवण तिकिटात. ४१ मीटर उंचीच्या घसरगुंडीचं वॉटर पार्क आणि कबाना (भाड्याची सावलीची झोपडी) यांना वेगळे आणि दणदणीत पैसे. मत विचाराल तर दहा वर्षांवरची मुलं असतील तरच वॉटर पार्क, आणि तेही आधी ऑनलाइन भाव उतरला असताना. बाकीच्यांनी फुकटच्या किनाऱ्यावर पडून राहावं. सकाळी साडेनऊच्या आत उतरलात तर पाण्याजवळची खुर्ची मिळते. पायाला चटके बसतात, चपला सोडू नका. ड्रिंक पॅकेज आणि वायफाय इथेही चालतं.

हिवाळ्यात हा थांबा रद्द होण्याची शक्यता इतर बंदरांपेक्षा जास्त. वीस मजल्यांचं जहाज वाऱ्यासाठी भिंतच असते आणि उघड्या समुद्रातल्या धक्क्याला ते आडव्या वाऱ्यात सुरक्षित लावता येत नाही. कप्तानाने नाही म्हटलं की वाद नको. रद्द झालेल्या बंदराचा कर परत मिळतो, बाकी भरपाई करारात नाही. जून ते नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या मोसमात तर अख्खी पश्चिम फेरी पूर्वेकडे वळवली जाऊ शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरचं भाडं स्वस्त असतं ते त्याचमुळे. तो धोका नको आणि गर्दीही नको, तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा.

रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून दहा-अकराच्या आत दाराबाहेर. उद्याचे कपडे, बूट आणि पासपोर्ट बॅगेत जाणार नाहीत याची खात्री करूनच कुलूप लावा. दर फेरीला कोणी ना कोणी नाइट ड्रेसमध्ये उतरतं.

दिवस आठवा: मायामी

जहाज पहाटे लागतं आणि साडेनऊपर्यंत रिकामं करतात, कारण दुपारी पुढचे प्रवासी चढायचे असतात. डायनिंग रूममधला नाश्ता लवकर बंद होतो. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत नेता येत असतील तर तेच करा. साताच्या सुमारास उतरणाऱ्यांत तुमचा नंबर लागतो आणि बॅगांच्या ढिगात शोधाशोध वाचते. गुडघे धरलेल्या माणसांनी व्हीलचेअर आदल्या दिवशी सांगून ठेवावी.

इमिग्रेशनला बहुतेकांचं काम चेहऱ्याच्या कॅमेऱ्यावर होतं. व्हिसावाल्यांनी पासपोर्ट, आय-७९७ किंवा परतीचं तिकीट हाताशी ठेवावं. फळ, मांस, घरचं काही पिशवीत राहिलं असेल तर जाहीर करा किंवा आतच टाकून द्या, सफरचंदावरूनही दंड होतो. बंदरांत घेतलेली दारूची बाटली जहाजाने ठेवून घेतलेली असते आणि शेवटच्या रात्री परत मिळते. ती मोठ्या बॅगेत जायला हवी, नाहीतर विमानतळावर सुरक्षेत टाकावी लागते.

मायामीहून परतीचं विमान साडेअकराच्या आधीचं घेऊ नये, फोर्ट लॉडरडेलहून एकच्या आधीचं. साडेआठ ते दहा या वेळात टर्मिनलबाहेर उबर-लिफ्टचे भाव सगळ्यात चढे असतात. घाई नसेल तर शेवटच्या गटात उतरा. मोठं कुटुंब असेल तर आधी ठरवलेली व्हॅन एकूण हिशेबात स्वस्त पडते.